टारफुला मोजण्याचा दिवस

पहाटे साडेपाच

शेडमध्ये माझे दोन जोड बूट असतात. एक संशोधन-स्टेशनभर फिरायचे, दुसरे फक्त बाधित रानात घालायचे. बाधित रान म्हणजे आम्हीच टारफुल्याचं, म्हणजे ज्वारीच्या मुळावर जगणाऱ्या तणाचं, बी मिसळून तयार केलेला, चहूबाजूंनी तार ओढलेला तुकडा. तिथला चिखल बुटाला चिकटून बाहेर गेला तर त्याच्यासोबत काय गेलं ते डोळ्यांना दिसणारही नाही. टारफुल्याचं बी मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाइतकंही नसतं. चिमटीत घेतलं तर तपकीर घेतल्यासारखं वाटतं. एका झाडाला अशा हजारो बिया येतात, चांगलं माजलेलं झाड असेल तर लाखाच्या घरात, आणि जमिनीत पडून राहिल्या तर दहा वर्षांनीही उगवायची ताकद राखून असतात. म्हणून बूट वेगळे, खुरपी वेगळी, बादल्याही वेगळ्या. कामाला नव्याने आलेल्या बायांना याची गंमत वाटते. "मॅडमचं रान सोवळ्यातलं हाय," म्हणतात आणि बांधावर चपला काढून मोकळ्या होतात. मग त्यांना बूट घालायला लावण्यात पाच मिनिटं जातात.

पोळा नुकताच झालाय. मराठवाड्यातली खरीप ज्वारी आता निसवायला लागलीय, आमच्या चाचणीतल्या काही लाइन, म्हणजे तपासायचे वाण, अजून पोटरीत आहेत. पीक आणि त्याच्या मुळावर बसलेला परजीवी दोघंही एकाच वेळी जमिनीवर दिसतात ते याच दिवसांत.

सहा

मोजणी. हातात काउंटर, खिशात फील्ड बुक, आणि मान खाली. टारफुला वीतभर उंचीचा, हिरवा, खरखरीत पानांचा, बारीक पांढऱ्या फुलांचा. आपल्याकडे बहुतेक पांढराच दिसतो. याच जातीची आफ्रिकेतली आणि अमेरिकेत पोहोचलेली झाडं लाल फुलांची असतात. हिरवा असल्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला तो साधं तण वाटतो. पण उपटून बघितलं तर त्याची मुळं ज्वारीच्या मुळात घुसलेली असतात. पाणी, नत्र, साखर, सगळं तिथूनच. आणि खरी लूट जमिनीवर येण्याआधीच झालेली असते. महिना-सव्वा महिना तो मातीखालीच असतो, तोवर ज्वारी खुजी राहते, रानात ओल असूनही दुपारी माना टाकते आणि शेतकरी पावसाला दोष देत बसतो.

मोजणं सोपं आहे. मोजलेल्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड.

समजा, एका लाइनच्या प्लॉटमध्ये एकही टारफुला नाही. ही लाइन प्रतिकारक, असं लिहून टाकायचं का? टारफुला रानात कधीच सारखा पसरलेला नसतो, चट्ट्याचट्ट्यांनी येतो. मुद्दाम बी मिसळलेल्या रानातही एका कोपऱ्यात दाटी आणि चार पावलांवर काहीच नाही. म्हणजे कोरा प्लॉट दोन कारणांनी कोरा असू शकतो. ज्वारीनं टारफुल्याला थारा दिला नाही, किंवा तिथं बीच नव्हतं. पहिलं कारण असेल तर ती लाइन पुढच्या हंगामात जाईल. दुसरं असेल तर आम्ही एका निकामी लाइनवर आणखी एक वर्ष घालवणार.

यावरची युक्ती पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात बसवली गेली. रान बुद्धिबळाच्या पटासारखं आखायचं. प्रत्येक चाचणीच्या प्लॉटला चारही बाजूंनी अशा वाणाचे प्लॉट लावायचे, ज्याच्यावर टारफुला हमखास येतो. मधला प्लॉट कोरा आणि चारही शेजारी टारफुल्यानं पांढरे झालेले असतील, तरच त्या कोरेपणाला किंमत. शेजारीही कोरे असतील तर फील्ड बुकात आडवी रेघ. शून्य नाही, रेघ. या दोन खुणांमधला फरक नवीन मुलांना शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. शून्य लिहायला हात शिवशिवत असतो.

हमखास बळी पडणारा तो वाण म्हणजे सीएसएच-१, भारतातला ज्वारीचा पहिला संकरित वाण, १९६४ साली प्रसारित झालेला. बुटका, लवकर येणारा, उत्पन्नाला भारी. त्यानं आणि त्याच्या नंतरच्या संकरितांनी महाराष्ट्राची खरीप ज्वारी बदलून टाकली. मात्र टारफुल्यापुढे त्याचा काहीच टिकाव लागत नाही, आणि आज बाधित रानात त्याची नेमणूक याच गुणासाठी आहे.

आजच्या मोजणीत एक लाइन खटकली. गेल्या खेपेला कोरी होती, आज तिच्यात बारा झाडं, त्यातली काही फुलावर. शेजारी शंभराच्या वर. बारा म्हणजे वाईट नाही. पण बारा झाडांचं बी जमिनीत पडलं तर पुढच्या वर्षी ती बारा राहणार नाहीत. लिहून ठेवलं.

पावणेआठ

बाधित रानातून बाहेर. बूट धुतले, बदलले, आणि क्रॉसिंगच्या ब्लॉकमध्ये. इथं घाई असते. ज्वारीचं फूल रात्री उशिरा ते पहाटेच्या वेळात उमलतं आणि पराग काही तासच जिवंत राहतो. ऊन चढलं की काम संपलं.

काल दुपारी मावशींनी ज्या कणसांतले पुंकेसर काढून ठेवले होते, त्यांच्यावर आज नराचा पराग टाकायचा. नराच्या कणसावर बटर पेपरची पिशवी आहे, ती बोटानं टिचकी मारून हलवायची, पराग पिशवीच्या तळाशी गोळा करायचा, मादीच्या कणसावरची पिशवी अलगद वर करून आत झटकायचा, पिशवी पुन्हा बांधायची आणि टॅग लावायचा. टॅगवर आधी आईचा नंबर, मग बापाचा, मग तारीख. पावसात पेनाची शाई उतरते, म्हणून पेन्सिल.

इथली आई म्हणजे या भागातलाच एक गावरान वाण. दाणा टपोरा, पांढरा, भाकरी मऊ होते, कडबा जनावरं आवडीनं खातात. टारफुल्याच्या बाबतीत मात्र बिनकामाची. बाप आहे तिचाच नातलग: आधीच्या पिढ्यांत सुदानी एसआरएन-३९ या वाणाशी संकर करून, पुन्हा पुन्हा गावरानीशी जुळवत आणलेली झाडं. त्यांच्यात एसआरएन-३९ मधलं एकच काहीतरी हवंय, बाकी सगळं गावरानी हवंय. परदेशी वाणाचं पीक कितीही चिवट असलं तरी त्याची भाकरी थापता आली नाही, तर शेतकरी बी दुसऱ्या वर्षी मागायला येत नाही. हे आमच्या क्षेत्रात जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही.

नराच्या रांगेतल्या काही झाडांवर लाल दोरी आहे. त्यांचा डीएनएचा निकाल अडकलाय. निकालाशिवाय त्यांचा पराग वापरायचा नाही, आणि त्यांची कणसं तर उमलायला लागलीत. दुपारी जेल बघितल्याशिवाय कळणार नाही.

दहा

पोहे, चहा. बायांचा डबा कधीच संपलेला.

साडेदहा

लॅब. रानातली अनिश्चितता इथं थोडी आवरता येते.

टारफुल्याच्या बीला उगवण्यासाठी दोन अटी लागतात. पहिली म्हणजे दीड-दोन आठवडे उबदार ओलावा. आम्ही बी धुऊन, निर्जंतुक करून, ओल्या कागदावर २८ अंशांना ठेवतो. मग ते तयार होतं, पण उगवत नाही. दुसरी अट म्हणजे जवळ यजमानाचं मूळ असल्याची रासायनिक खूण. ती मिळाली तरच ते कोंब काढतं. कोंब काढल्यावर त्याच्याकडे फक्त काही दिवस असतात; तेवढ्यात मूळ सापडलं नाही तर ते मरतं, कारण एवढ्याशा बीत शिधा नसतोच.

ती खूण म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन नावाच्या रसायनांचं घराणं. पहिलं स्ट्रायगोल १९६६ साली वेगळं काढलं गेलं, आणि तेही कापसाच्या मुळांतून. कापसावर टारफुला वाढत नाही, तरी कापूस त्याला उगवायला लावतो आणि मारतो. पण वनस्पती आपल्याच मुळाशी शत्रूला का बोलावेल? याचं उत्तर मिळायला जवळपास चाळीस वर्षं लागली. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हीच रसायनं मातीतल्या मायकोरायझा बुरशीला बोलावतात. ही बुरशी मुळांना स्फुरद आणून देते. तीन वर्षांनी, २००८ मध्ये कळलं की झाडाच्या आत हीच रसायनं संप्रेरकाचं काम करतात आणि फुटवे आवरून धरतात. म्हणजे बोलावणं बुरशीला आहे, टारफुला कान लावून बसलेला आहे. आणि जमीन जितकी उपाशी, स्फुरद-नत्र जितकं कमी, तितकं झाड हे बोलावणं मोठ्यानं देतं. हलक्या, मुरमाड रानात टारफुला का माजतो, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

मग ज्वारीनं हे रसायन सोडूच नये असं करता येईल का? येईल, पण मग फुटव्यांचा सुळसुळाट होईल आणि बुरशीही यायची नाही. म्हणून एसआरएन-३९ सारख्या वाणांचा मार्ग जास्त सुंदर वाटतो. ते बोलावणं थांबवत नाहीत, त्याचा प्रकार बदलतात. साध्या ज्वारीच्या मुळातून मुख्यतः ५-डीऑक्सीस्ट्रायगोल येतं, त्यावर टारफुला तुटून पडतो. या वाणांतून त्याऐवजी ओरोबँकोल येतं, ज्याला टारफुला फारसा दाद देत नाही.

आजच्या प्लेटा अशा आहेत: पातळ अगारच्या थरात तयार केलेलं टारफुल्याचं बी पसरलेलं, कडेला अंकुरलेला ज्वारीचा एक दाणा, त्याचं मूळ प्लेटच्या आरपार जाईल असं ठेवलेलं. काही दिवस अंधारात. आता सूक्ष्मदर्शकाखाली मुळापासून सगळ्यात दूर उगवलेलं टारफुल्याचं बी शोधायचं आणि ते अंतर मोजायचं. अंतर दहा मिलिमीटरच्या आत असेल तर ती ज्वारी कमी बोलावणारी. ही पद्धत पर्ड्यू विद्यापीठात विकसित झाली, गेबिसा एजेटा यांच्या गटात. एजेटा मूळचे इथिओपियाचे, आणि टारफुला-प्रतिकारक ज्वारीवरच्या कामासह त्यांच्या ज्वारी संशोधनासाठी त्यांना २००९ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला.

इथंही तोच सकाळचा प्रश्न. प्लेटमध्ये एकही बी उगवलं नाही, तर ज्वारी गप्प आहे की टारफुल्याचं बीच मेलेलं आहे? म्हणून प्रत्येक खेपेला दोन-चार प्लेटांत ज्वारी न ठेवता जीआर-२४ हे कृत्रिम स्ट्रायगोलॅक्टोन टाकायचं. तिथं बी भराभरा उगवलं तर बाकीच्या प्लेटांतली शांतता खरी. आज उगवलंय. मी अंतरं लिहायला घेतली.

एका लाइनचं अंतर वाचून मी पुन्हा पुन्हा भिंग फिरवत राहिले: तीन मिलिमीटर. हीच लाइन सकाळी रानात बारा टारफुले घेऊन उभी होती. कमी बोलावते म्हणजे अजिबात बोलावत नाही, असं नाही. रानात चार महिने मुळं पसरत राहतात आणि काही बिया केवळ मूळ अगदी अंगाला घासून गेलं म्हणून उगवतात. प्लेट हे सांगू शकत नाही. त्यासाठी दुसरी तटबंदी लागते, ती दुपारनंतर.

साडेबारा

जेल. २०१७ मध्ये एजेटा यांच्याच गटानं बोलावण्याचा प्रकार ठरवणारं जनुक ओळखलं: एलजीएस-१, ज्वारीच्या पाचव्या गुणसूत्रावर, एका सल्फोट्रान्सफरेज एन्झाइमचं. एसआरएन-३९ मध्ये ते बिघडलेलं नाही, तर गुणसूत्राचा तो तुकडाच गळालेला आहे. जनुक आहे तर टारफुला, जनुक नाही तर आराम.

पण 'नाही' हे कसं बघायचं? जनुकाच्या आतले प्रायमर लावून पीसीआर केला की जनुक असलेल्या झाडात पट्टी येते, नसलेल्या झाडात येत नाही. मग पट्टी आली नाही ती जनुक नाही म्हणून, की डीएनए खराब निघाला म्हणून? लाल दोरीच्या झाडांचं नेमकं हेच झालं होतं. पानं जून झालेली, डीएनए चिकट, जेलवर सगळंच कोरं. म्हणून आता प्रत्येक नळीत दुसऱ्या एका जनुकाचे प्रायमरही असतात, जे प्रत्येक ज्वारीत असतं. ती पट्टी आली तरच बाकीच्या कोरेपणावर विश्वास ठेवायचा.

त्यातही एक अडचण. हा प्रतिकार अप्रभावी आहे: दोन्ही प्रतींतून जनुक गेलेलं असेल तरच ज्वारी वाचते. आम्हाला मात्र संकराच्या या टप्प्यावर अशी झाडं हवीत ज्यांच्यात एक प्रत गावरानीची आणि एक एसआरएन-३९ ची आहे. अशा झाडात जनुकाची पट्टी येतेच, म्हणजे ते झाड पूर्ण गावरानी झाडासारखंच दिसतं. म्हणून तिसरा प्रायमर, तुकडा गळाला तिथल्या सांध्यावरचा. सांधा असेल तरच पट्टी. सांध्याची आणि जनुकाची अशा दोन्ही पट्ट्या असल्या की हवं ते झाड.

मार्कर नसते तर प्रत्येक पिढीनंतर झाडं स्वपरागित करून, त्यांची पोरं प्लेटवर तपासून, मगच पुढचा संकर करावा लागला असता. दर पिढीमागे एक हंगाम जास्त. आणि संकरित वाणाचं गणित आणखी कठीण: प्रतिकार अप्रभावी असल्यामुळे तो संकरित वाणाच्या आईतही हवा आणि बापातही. एका बाजूला घातला आणि बाजारात नेला, असं चालत नाही. बियाणं क्षेत्रातल्या लोकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो.

आजच्या जेलवर लाल दोरीच्या झाडांपैकी निम्म्याहून थोड्या कमी झाडांत दोन्ही पट्ट्या दिसतायत. निम्मी अपेक्षित होती, हे ठीकच. नंबर कागदावर उतरवले, फोटो काढून क्रॉसिंगच्या ग्रुपवर टाकला. उद्या पहाटे यांचा पराग चालेल.

दीड

भाकरी, पिठलं, ठेचा, कच्चा कांदा. आमच्यातला एक जण निपाणीकडचा. त्याच्या घरी तंबाखू, आणि तंबाखूत बंबाखू. बंबाखू टारफुल्याच्याच कुळातला. मात्र अंगात हिरवेपणाचा कणही नाही, पूर्णपणे मुळावर जगणारा. आमच्या अप्रभावी जनुकाबद्दल त्याला नेहमी शंका असते. आज त्यानं सूर्यफुलाचं उदाहरण काढलं. पूर्व युरोपात सूर्यफुलावर बंबाखूच्या जातभाईनं धुमाकूळ घातला. रोमानियातल्या संशोधकांनी १९८० मध्ये एकामागे एक पाच प्रतिकारक जनुकं आणि त्यांना तोडून काढणाऱ्या परजीवीच्या पाच वंशांची जोडी मांडली. त्यानंतर त्याहून दांडगे वंश आले. २०१९ मध्ये ओआर-७ हे जनुक हाती लागलं, ते झाडाच्या पेशीवर शत्रूची चाहूल घेणारं प्रथिन बनवतं. "तुमचं एकच जनुक किती दिवस पुरणार?" त्याचा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे. एलजीएस-१ चा डाव वेगळा आहे, तो शत्रूला ओळखून मारत नाही, त्याला जागंच करत नाही. तरी ओरोबँकोलवर उगवणारा टारफुला कधीतरी निवडला जाईल हे मान्य करायला हवं. आपला टारफुला बहुतांशी स्वपरागित असल्यामुळे एका गावाचं बी एका वळणाचं आणि दुसऱ्या गावाचं दुसऱ्या, असं होऊ शकतं. म्हणून आम्ही तपासणीला बी एकाच रानाचं वापरत नाही, तालुक्या-तालुक्याचं गोळा करतो. जेवताना हे सगळं सांगून झालं, तोवर ठेचा त्यानं संपवला होता.

अडीच

लोहा-कंधारच्या बाजूचे एक काका आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मातीसकट उपटलेला टारफुला, चांगला फुलावर आलेला, खालच्या बोंडांत बी भरलेलं. मी पिशवी आधी त्यांच्या हातातून घेतली आणि गाठ मारली, मग नमस्कार केला.

"ताई, यानं ज्वारी खाल्ली बगा. रानात ओल हाय, तरी मान टाकतीय. कंचं औषध मारू?"

टू-फोर-डी मारता येतं, उगवलेला टारफुला जळतो. पण जळतो तो दिसणारा. मुळाशी बसलेले मातीखालचे तसेच राहतात आणि पिकाचं नुकसान होऊन गेलेलंच असतं. औषधाचा उपयोग यंदाच्या पिकाला कमी, पुढच्या वर्षीच्या बीला थोपवायला जास्त. हे सांगितल्यावर काका गप्प बसले. मग म्हणाले, त्यांच्या मेव्हण्याकडे एक ज्वारी आहे, टारफुला येतो तरी दाणा भरतो. तीच लावली तर?

अशी ज्वारी असते. आम्ही तिला सहनशील म्हणतो, प्रतिकारक नाही. शेतकऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात, कारण पदरात दाणा पडतो. पण सहनशील ज्वारीच्या मुळावर टारफुला सुखानं जगतो, फुलतो, बी सांडतो. मेव्हण्याच्या रानात दरवर्षी हे बी वाढत असणार. एक दिवस ते एवढं होईल की सहनशील ज्वारीलाही सोसणार नाही, आणि तोवर पाण्याबरोबर, जनावरांच्या खुरांबरोबर बांधापलीकडेही गेलेलं असेल. वाणांच्या जाहिरातीत 'टारफुल्यातही उत्पन्न' असं काही लिहिलेलं दिसलं की मला विचारावंसं वाटतं, सहनशील की प्रतिकारक? हा भेद शेतकऱ्यापर्यंत नीट पोहोचवायचं काम आमच्याकडून फार कमी झालंय असं माझं मत आहे.

"मग टारफुला न येणारं बी द्या की."

अजून देण्यासारखं नाही, असंच सांगावं लागलं. त्यांचा फोन नंबर लिहून घेतला आणि संध्याकाळी बोलू म्हणाले, कारण बाहेर मावशी ताटकळल्या होत्या.

साडेतीन

उद्यासाठी पुंकेसर काढणं. ज्वारीचं कणीस वरून खाली उमलत जातं. वरचा उमललेला भाग कापून टाकायचा, खालचा कोवळाही काढायचा, मधला उद्या पहाटे उमलेल असा पट्टा ठेवायचा. त्यातल्या प्रत्येक फुलात तीन परागकोश, सुईच्या टोकानं न फोडता बाहेर काढायचे. एक फुटला तर ते फूल टाकून द्यायचं आणि सुई स्पिरिटमध्ये बुडवायची. एका कणसात चाळीस-पन्नास फुलं झाली की पुरे. मावशींचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर आहे. त्यांच्या कणसांत दाणे भरतात, माझ्यात कमी, हे टॅगवरच्या सहीवरून सगळ्यांना माहीत आहे.

लाल दोऱ्या सोडल्या. दोन्ही पट्ट्यांच्या झाडांवर हिरव्या बांधल्या. बाकीच्यांची कणसं कापून टाकली, म्हणजे चुकूनही कोणी त्यांचा पराग घेणार नाही.

साडेपाच

रायझोट्रॉन. नाव भारदस्त, वस्तू साधी: चपट्या पेट्या, एका बाजूला पारदर्शक झाकण, त्यामागे मुळं पसरलेली. मुळांवर तयार टारफुल्याचं बी ब्रशनं लावलेलं. दुसरी तटबंदी इथं दिसते.

एन-१३ हा भारतीय वाण. टारफुल्याला तो उगवू देतो, मुळाला चिकटूही देतो. पण टारफुल्याचा शोषक अवयव मुळात घुसून जलवाहिनीकडे निघाला की वाटेत अंतस्त्वचेच्या जाड झालेल्या पेशीभिंती आडव्या येतात. आज एका मुळाचा पातळ काप काढून बघितला तर घुसखोर बाहेरच्या थरांत अडकून पडलेला, मध्यभागापर्यंत पोहोचलेलाच नाही. दुसऱ्या एका लाइनच्या मुळावर चिकटल्या जागी तांबूस डाग: तिथल्या पेशींनी स्वतःला मारून टाकलं, टारफुला उपाशी. बळी पडणाऱ्या ज्वारीच्या मुळावर मात्र टारफुल्याचे हिरवे कोंब माना वर काढायला लागलेत.

एन-१३ चा हा गुण एका जनुकाचा नाही. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठाच्या गटानं त्याच्या संकराची झाडं माली आणि केनियात टारफुल्यात लावली आणि २००४ मध्ये प्रतिकाराशी जोडलेले पाच जनुकीय पट्टे दाखवले. ते पट्टे मार्करच्या आधारानं सुदानी शेतकऱ्यांच्या आवडत्या वाणांत घातले गेले आणि २०१२ मध्ये तिथं असे वाण प्रसारितही झाले. भारतातला वाण, जर्मनीतलं गणित, सुदानातलं पीक. तिकडचा टारफुला वेगळा, जांभळ्या फुलांचा, मोठा, परपरागित, आणि त्याच्यावरही तो चालला. आपल्याकडे मात्र खरीप ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, आणि टारफुल्याचा प्रश्न सुटला असं न म्हणताच त्याच्याबद्दल बोलणं थांबलं. सोयाबीनखाली त्याचं काही बी उगवून मरतंही. पण ज्यांच्याकडे हलकं रान आणि घरात ज्वारी खाणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे तो आहेच. उसातही तो वाढत चाललाय.

बारा टारफुलेवाली लाइन आणि एन-१३ ची भिंत असलेली लाइन एकत्र आणायची, हे आता पक्कं. आधी हाक कमी, मग भिंत. एक चुकलं तर दुसरं.

साडेसहा

आकडे संगणकावर. एका प्लॉटात शून्य आणि शेजारी दोनशे, अशा आकड्यांची सरळ सरासरी काढण्यात अर्थ नसतो, लॉग घ्यावा लागतो. दर पंधरवड्याच्या मोजण्या जोडून वक्राखालचं क्षेत्रफळ काढायचं, म्हणजे लवकर येणारा टारफुला उशिरा येणाऱ्यापेक्षा जड धरला जातो. सकाळच्या आडव्या रेघा इथं रिकाम्या पेटीत जातात. विद्यार्थ्यानं दोन ठिकाणी रेघेऐवजी शून्य भरलं होतं. त्याला उद्या बाधित रानात शेजारचे प्लॉट दाखवायचे.

दुपारची पिशवी भट्टीत जाळून झाली.

आठ

काकांना फोन. दिसतोय तो टारफुला फुलाच्या आधी उपटा, फुललेला असेल तर बांधावर टाकू नका, जाळून टाका. पुढची दोन-तीन वर्षं त्या तुकड्यात कापूस, तूर नाहीतर सोयाबीन घ्या. ती पिकं त्याला उगवायला लावतील, पण जगू देणार नाहीत. शेणखत घाला, युरियाचा हात थोडा सैल सोडा.

"आन् भाकरीचं?"

ज्वारी खालच्या काळ्या रानात करा, असं मी म्हणाले. ते रान मोठ्या भावाच्या वाट्याला गेलंय, असं त्यांनी सांगितलं. मग त्या भावाच्या विहिरीवरून, वाटणीवरून बरंच बोलले. शेवटी म्हणाले, मुलाला पाठवतो, पुढच्या खरिपात तुमच्या चाचणीला माझा एक कोपरा घ्या, पण भाडं द्यावं लागंल. मी हो म्हटलं. त्या कोपऱ्यात चट्टा कुठपर्यंत आहे याचा नकाशा मात्र टारफुला वाळायच्या आत करायला हवा, म्हणून मुलाला याच आठवड्यात पाठवा, असं सांगून ठेवलं.